प्राणवायूची शिदोरी

पूर्वी आमच्या घरांतून कोणी लांबच्या प्रवासास निघालें, म्हणजे आदल्या रात्रीं स्वयंपाकघरांत दशम्या भाजल्याचा वास सुटे. दशम्या, मेतकुटाची पुडी, लोणच्याची लहानशी बरणी, फिरकीचा तांब्या आणि अंथरुणाची वळकटी, एवढा सरंजाम झाला कीं मनुष्य बारा गांवें हिंडावयास मोकळा झाला अशी समजूत असे. वाटेंत हवा मिळेल कीं नाहीं, ही चिंता कोणाच्या स्वप्नींही येत नसे. हवा सर्वत्र आहे, फुकट आहे व सर्वांस सारखी आहे, असें आपण धरून चालतों. तें तितकेंसें खरें नाहीं, हें आमच्या थोरल्या काकूंनीं आपल्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं आम्हां सर्वांस शिकविलें. ज्या वाचकांच्या घरांत असें एखादें दुखणाईत वडील माणूस आहे, त्यांस या धड्याचा कांहीं उपयोग व्हावा, म्हणून तो येथें मांडीत आहों.

काकूंनीं जन्मांत कधीं तंबाखूस हात लावला नाहीं. परंतु कोंकणांतील माहेरीं आणि पुढें सासरीं मिळून वीस-पंचवीस वर्षें त्यांनीं ओल्या लांकडांच्या चुलीपुढें बसून फुंकणीनें विस्तव फुलविला. त्या धुराची बाकी फुप्फुसांच्या खात्यावर चढत गेली आणि उतारवयांत तिची वसुली सुरू झाली. डॉक्टर या रोगास सीओपीडी म्हणतात. हा विडी-सिगारेट ओढणारांचा रोग, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण आपल्या देशांत लांकडांचा व शेणींचा धूर हेंही त्याचें एक मोठें कारण आहे, आणि तो भोग मुख्यतः बायकांच्या वांट्यास आला आहे. या रोगांत श्वासनलिका आकसतात, त्यांत कफ सांचतो, आणि द्राक्षांच्या घोंसासारख्या ज्या हवेच्या बारीक पिशव्या फुप्फुसांत असतात, त्यांच्या भिंती झिजून फाटतात. आंत गेलेली हवा सुखानें बाहेर पडत नाहीं, आणि रक्तांत मिसळावयाचा प्राणवायु पुरेसा मिसळत नाहीं. फुप्फुसाचा गेलेला भाग परत येत नाहीं. उरलेला सांभाळावयाचा, इतकेंच मनुष्याच्या हातीं राहतें.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनीं काकूंस घरीं प्राणवायु लावण्यास सांगितलें, तेव्हां घरांतील सर्वांचे चेहरे उतरले. २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, एकेका सिलिंडरासाठीं लोक कसे वणवण फिरले, हें सर्वांनीं पाहिलेलें. तेव्हांपासून 'ऑक्सिजन लावला' हे शब्द कानीं पडले कीं, मन पुढच्या वाईटाकडेच धांवतें. शेजारच्या आजीबाई तर 'आतां गीतेचा पाठ सुरू करा' असें सांगून गेल्या. पण ही समजूत चुकीची आहे. अशा रोग्यांस प्राणवायु देतात तो मरण सुसह्य व्हावें म्हणून नव्हे, तर आयुष्य वाढावें म्हणून. इंग्लंडांतील वैद्यकीय संशोधन मंडळानें १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ८७ रोगी होते. त्यांपैकीं ४२ जणांस रोज निदान १५ तास प्राणवायु दिला, उरलेल्या ४५ जणांस दिला नाहीं. पांच वर्षांच्या अवधींत पहिल्या गटांतील १९ जण दगावले, दुसऱ्यांतील ३०. अमेरिकेंत १९८० सालीं २०३ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत केवळ रात्रीं प्राणवायु घेणारांचें मृत्यूचें प्रमाण रात्रंदिवस घेणारांच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. म्हणजे नाकाशीं लावलेली नळी जितके तास जागेवर राहील, तितका लाभ अधिक.

मात्र हा लाभ सर्वांस सारखा नाहीं. ज्यांच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण स्वस्थ बसलें असतांही ८८ टक्के किंवा त्याहून खालीं असतें, त्यांस तो निश्चित होतो. ज्यांचें प्रमाण थोडेंसेंच कमी असतें, अशा ७३८ रोग्यांवर अमेरिकेंत प्रयोग झाला. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यांत प्राणवायूनें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. तेव्हां करोनाच्या वेळीं घेतलेलें यंत्र माळ्यावर आहे, तें आजोबांस धाप लागली कीं लावावें, असा घरगुती न्याय येथें चालावयाचा नाहीं. 'दोनानें बरें वाटतें, तर चारानें अधिक बरें वाटेल', ही समजूत तर घातक आहे. या रोगांतील कित्येकांच्या शरीरांत जास्त प्राणवायु दिल्यानें अंगारवायु सांचतो, गुंगी येते आणि जीवावर बेततें. म्हणून अशा रोग्यांचा आंकडा बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. प्राणवायु हें औषध आहे, आणि औषधाची मात्रा वैद्यानें ठरवावयाची असते, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे निम्मे घोंटाळे मिटतात.

काकूंस घरांतील नळीची संवय झाली. पण चारचौघांत ती लावून बसणें त्यांस जड जाई. गतवर्षीं चैत्रांत शेजारीं हळदीकुंकू होतें. काकू नळी काढून, नवी साडी नेसून गेल्या. अर्ध्या तासानें त्यांस दोघींनीं धरून आणलें. नखें निळसर झालीं होतीं आणि बोटावरील ऑक्सिमीटर ७९ दाखवीत होता. त्या दिवसापासून घरांत अलिखित ठराव झाला कीं, काकूंनीं उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. ठराव करणारांत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. कारण मायेचें होतें, पण परिणाम कैदेचाच झाला. काकूंनीं तक्रार केली नाहीं; फक्त जेवण कमी झालें. मग एके दिवशीं देवघरांतील, त्यांच्या सासूबाईंनीं काशीहून आणलेला गंगेचा गडू पुसतां पुसतां त्या म्हणाल्या, "अरे, या गडूनें काशी पाहिली आहे. मी पुण्याच्या या खोलीपलीकडे आतां कांहीं पाहावयाची नाहीं, असें तुम्हीं ठरविलेंच असेल, तर तसें एकदां तोंडानें सांगा तरी." तोंडानें सांगण्याचें धैर्य आमच्यांत कोणासच नव्हतें. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलों.

डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो अंतराचा नव्हे, तर उंचीचा. हवेंत प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र सुमारें २१ टक्केच असतें. परंतु जसजसें उंच जावें, तसतसा हवेचा दाब उतरतो, आणि एका श्वासाबरोबर आंत जाणारा प्राणवायु कमी होतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे, महाबळेश्वर १३०० मीटरांहून अधिक, उटी २२०० मीटरांहून अधिक. केदारनाथ सुमारें ३५८० मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन तृतीयांशांइतकाच उरतो. लेह शहराची गोष्ट तशीच. निरोगी तरुणाससुद्धां तेथें धाप लागते. मग काकूंची कथा काय? आमच्या नात्यांतील एक मंडळी त्या वेळीं चारधामास निघाली होती व काकूंस बरोबर न्यावें असें त्यांच्या मनांत होतें. डॉक्टरांनीं तो बेत तत्काळ मोडून काढला. पण काशी? ती गंगेच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून अवघी ८० मीटर उंचीवर वसलेली. "काशीची हवा यांस पुण्यापेक्षां जड मिळेल, म्हणजे उंचीच्या दृष्टीनें अधिक मानवेल, अडचण काशीची नाहीं, वाटेची आहे," असें डॉक्टर म्हणाले, तेव्हां काकूंच्या तोंडावर जें हंसूं आलें, तें आम्ही वर्षभरांत पाहिलें नव्हतें.

वाट दोन तऱ्हेची होती. रेल्वेनें एक दिवसाहून अधिक काळ जातो. विमानानें दोन-अडीच तास. रेल्वे जमिनीवरून जाते, म्हणून हवेचा दाब फारसा बदलत नाहीं. डॉक्टरांचा दाखला असल्यास रोग्याचा प्राणवायूचा सिलिंडर डब्यांत नेण्याची मुभाही रेल्वेच्या नियमांत आहे. मात्र निघण्यापूर्वी स्टेशनावर चौकशी करून तें पक्कें करावें. गणित मात्र आपलें आपण करावें लागतें. घरोघर दिसणाऱ्या 'बी' जातीच्या सिलिंडरांत सुमारें १५०० लिटर प्राणवायु असतो. मिनिटास २ लिटर लागत असल्यास तो ७५० मिनिटें, म्हणजे साडेबारा तास पुरेल. तीस तासांच्या प्रवासास तीन सिलिंडर, शिवाय गाडी खोळंबली तर चौथा! हें ओझें कोणी उचलावयाचें? बसण्याच्या जागेजवळ विजेची खुंटी असते खरी, पण ती मोबाईलसारख्या लहान वस्तूंसाठीं आहे. तिच्यावर कोणाच्या श्वासाची भिस्त ठेवूं नये.

विमानाची अडचण निराळी. विमान तीस-चाळीस हजार फूट उंचीवरून जातें, पण आंतील हवा यंत्रानें दाबून धरलेली असते; तरी ती समुद्रसपाटीइतकी दाट नसते. आंतील दाब ८००० फूट, म्हणजे सुमारें २४०० मीटर उंचीवरील हवेइतका खालीं जाऊं शकतो. जमिनीवर १५ टक्के प्राणवायूची हवा घ्यावी, तसा तो प्रकार होतो. म्हणजे विमानांत बसणें हें, फुप्फुसांच्या दृष्टीनें, उटीपेक्षां उंच ठिकाणीं दोन तास जाऊन येणेंच होय. ज्यांस घरीं प्राणवायु लागत नाहीं, पण फुप्फुसें दुबळीं आहेत, अशांनाही विमानांत तो लागूं शकतो. तें ठरविण्यासाठीं कांहीं मोठ्या रुग्णालयांत रोग्यास सुमारें २० मिनिटें १५ टक्के प्राणवायूची हवा घ्यावयास लावून रक्तांतील प्रमाण पाहतात. ज्यांस घरीं तो लागतोच, त्यांची मात्रा उड्डाणापुरती बहुधा वाढवावी लागते. ज्यांच्या फुप्फुसाची पिशवी नुकतीच फुटून छातींत हवा सांचली आहे, ज्यांच्या थुंकींतून रक्त पडतें, ज्यांस संसर्गकारक क्षय आहे, किंवा ज्यांस जमिनीवरच मिनिटास ४ लिटरांहून अधिक प्राणवायु लागतो, त्यांनीं विमानाचें नांव काढूं नये. नुकतेंच दुखणें उमळून गेलें असेल, तर तेंही पुरतें निवळूं द्यावें.

आपला सिलिंडर विमानांत नेण्याची अपेक्षा धरूं नये. बहुतेक कंपन्या त्यास मनाई करतात. त्याऐवजीं चालतें तें खांद्यावर अडकवावयाचें लहान कॉन्सन्ट्रेटर यंत्र. तें प्राणवायु सांठवीत नाहीं. भोंवतालची हवा ओढून, झिओलाइट नांवाच्या खनिजाच्या दाण्यांतून दाबानें नेऊन, तींतील नत्रवायु अडकवितें व उरलेला प्राणवायु आपणांस देतें. या लहान यंत्रांपैकीं बहुतेक प्राणवायु अखंड सोडीत नाहींत. श्वास आंत घेतला कीं एक झोत सोडतात. यांतील मेख अशी कीं, यंत्रावरचा '२' हा आंकडा म्हणजे मिनिटास २ लिटर नव्हेत. म्हणून यंत्र भाड्यानें आणून, तें लावून डॉक्टरांसमोर चालून, बसून व झोंपून पाहिल्यावांचून प्रवासास निघणें हा शुद्ध वेडेपणा होय. तोंड उघडें टाकून झोंपणाराचा श्वास कांहीं यंत्रांस कळतच नाहीं. काकूंची परीक्षा अशी दोनदां झाली. जमिनीवर २ व विमानांत ३ असा आंकडा ठरला, आणि रात्रीसाठीं काशीस मोठें यंत्र भाड्यानें घ्यावें असें ठरलें.

येथपर्यंत सर्व शहाणपणानें झालें. पुढील मूर्खपणा सर्वस्वी आमचा. विमानकंपनी अशा उतारूकडून आधीं एक वैद्यकीय फॉर्म मागते. त्यास 'मेडिफ' म्हणतात, आणि तो बहुधा निदान ४८ तास आधीं पोंचावा लागतो. आम्ही तो डॉक्टरांकडून भरून घेतला, पण यंत्राचें नांव व बॅटरीचे तास हे रकाने 'ते काय, तेथें सांगूं' म्हणून कोरेच ठेवले. विमानतळावर खिडकीवरील मुलीनें कागद पाहिला आणि अत्यंत नम्रपणें आम्हांस परत पाठविलें. काकू चाकांच्या खुर्चींत बसून होत्या. त्यांनीं एक शब्दही काढला नाहीं. मोटारींत बसल्यावर मात्र म्हणाल्या, "पोरांनो, मुंजीच्या याद्या तुम्ही महिनाभर आधीं करतां. माझ्या श्वासाची यादी एका रात्रींत केलीत." आम्ही निरुत्तर झालों. तिकिटाचे पैसे बुडाले, त्याचें दुःख या वाक्यापुढें कांहींच नव्हतें.

दुसऱ्या खेपेस यादी झाली ती मुंजीच्या यादीसारखीच, वहीवर. बॅटरीचा हिशेब उड्डाणाच्या तासांवर करावयाचा नसतो. दारांतून निघाल्यापासून मुक्कामीं यंत्र भिंतीच्या विजेवर लावीपर्यंतचे तास मोजावयाचे, आणि त्यांची दीडपट करावयाची. आमचे तास ८ भरले, म्हणून १२ तासांची सोय केली. ठरलेल्या आंकड्यावर एक बॅटरी ४ तास चाले. म्हणजे तीन बॅटऱ्या. सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानांत टाकतां येत नाहींत. त्या हातांतील पिशवींतच, टोंकें झांकून, ठेवाव्या लागतात. बॅटरीवर वॅट-अवर म्हणून एक आंकडा छापलेला असतो. तो १०० हून अधिक असल्यास कंपनीची परवानगी लागते, आणि १६० पर्यंतच्या अशा सुट्या बॅटऱ्या दोहोंहून अधिक नेतां येत नाहींत. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तीन प्रती, सर्व औषधें व श्वासाचे पंप हातपिशवींत, एक जास्तीची नळी, ऑक्सिमीटर, आणि काशींतील एका फुप्फुसतज्ज्ञाचा पत्ता, इतकें बरोबर घेतलें. इन्फ्लुएंझाची व न्यूमोनियाची लस काकूंनीं आधींच घेतली होती. ऑक्सिमीटरविषयीं एक सूचना: बोटें गार असलीं तर तो खोटा उणा आंकडा दाखवितो, आणि सांवळ्या कातडीवर कधीं कधीं वास्तविकाहून थोडा अधिक दाखवितो. म्हणून आंकड्याबरोबर माणसाच्या चेहऱ्याकडेही पाहावें.

ब्राह्मणी घरांत एका गोष्टीचा इशारा विशेष अगत्याचा आहे, तो अग्नीचा. प्राणवायु स्वतः जळत नाहीं, पण जळणाऱ्या वस्तूस तो असा चेतवितो कीं ठिणगीचा क्षणांत भडका होतो. नळीतून आलेला वायु साडीच्या पदरांत, पांघरुणांत व केंसांत भरून राहतो. समई, निरांजन, उदबत्ती, कापूर, गॅसची शेगडी यांपासून नळी लावलेल्या माणसानें निदान १० फूट दूर असावें. घरांतील कोणी सिगारेट ओढीत असल्यास त्यानें ती सोडावी. निदान त्या खोलींत काडी ओढूं नये. नाक कोरडें पडतें म्हणून तूप किंवा व्हॅसलीन लावूं नये, आणि सिलिंडराच्या तोटीस तेलकट हात लावूं नये. आमच्या काकू पन्नास वर्षें स्वतः आरती ओंवाळीत. आतां त्या दारांत खुर्ची टाकून बसतात, टाळ वाजवितात, आणि धाकटी सून ओंवाळते. देवाची सेवा अंतरली असें त्यांस प्रथम वाटलें. पण ताल चुकला कीं त्या तेथूनच सुनेस सांगतात, तेव्हां सेवा अंतरली असें म्हणवत नाहीं.

फाल्गुनांत आम्ही काशीस पोंचलों. पौषांतील धुकें व धूर टाळावयाचा म्हणून हा महिना निवडला होता. विमानांत एकदां आंकडा ८६ वर उतरला. काकूंस बोलणें थांबवून, नाकानें घेऊन आवळलेल्या ओठांनीं सावकाश श्वास सोडावयास लावलें, तेव्हां तो ८९ वर आला. डिसेंबर २०२१ मध्यें खुला झालेला विश्वनाथधामाचा प्रशस्त मार्ग चाकांच्या खुर्चीस सोयीचा पडला; तपासणीच्या दारांत डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगीं आली. सायंकाळची गंगेची आरती पायऱ्यांवर बसून पाहणें शक्य नव्हतें. तेथें ज्वाळा, कापूर व धूप यांचें राज्य. म्हणून ती नावेंतून, वाऱ्याची दिशा पाहून, दूरून पाहिली. बॅटरी बदलण्याची वेळ झाली, तेव्हां चौदा वर्षांच्या नातवानें ती अर्ध्या मिनिटांत बदलली; काकूंस कळलेंही नाहीं. निघण्यापूर्वी घरांतील प्रत्येक थोरामोठ्यानें व पोरानें हें काम डोळे मिटूनही करतां येईल असें शिकून घेतलें होतें. एकत्र कुटुंबाचा जो गौरव आपण ऐकतों, त्याचा अर्थ आम्हांस त्या नावेंत कळला. दहा माणसें मिळून आजारी माणसास खोलींत जपून ठेवूं शकतात. तींच दहा माणसें मिळून त्यास गंगेपर्यंतही नेऊं शकतात.

येथें लिहिलेले आंकडे काकूंचे आहेत. वाचकांच्या घरांतील रोग्याचे ते नव्हेत. मात्रा, यंत्र व वाट हीं ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनींच ठरवावयाचीं. सर्वांनाच जातां येईल असेंही नाहीं. कित्येकांस 'जाऊं नका' हेंच उत्तर मिळेल, आणि तें मानलें पाहिजे. पण तें उत्तर डॉक्टरांनीं तपासून द्यावें. आपण भीतीपोटीं, न विचारतां, परभारें देऊं नये. 'तुला कोठें जावेंसें वाटतें?' हा प्रश्न नळी लावलेल्या माणसासही विचारावयाचा असतो, हें आम्ही वर्षभर विसरलों होतों.

काकूंनीं येतांना नवा गडू आणला. जुन्या गडूशेजारीं तो देवघरांत ठेवला आहे. परवां त्यांनीं सहज विचारलें कीं, पंढरपूर किती मीटर उंच आहे. आणि धाकट्या नातवानें लगेच वही उघडली.